मतदारांना हे ठाऊक असायला हवं

पहिल्यांदा मार्लिसला आपला फोटो आवडला, हे नाकारण्यात काही अर्थ नाही. दुपारी टपालाची गाडी पुढे गेल्यावर ती रबरी बूट चढवून रस्त्याकडेच्या पेटीपर्यंत गेली, आत हात घातला, तर विजेचं बिल, बियाण्यांची जाहिरात आणि वहीच्या पानाएवढं एक जाड, गुळगुळीत कार्ड हाताला लागलं. कार्डावर ती स्वतः होती. मिल स्ट्रीट शाळेच्या पायऱ्यांवर उभी, निळा मफलर, मागे लाल विटा, आणि चेहऱ्यावर असं काही हसू की ते आपलंच आहे यावर तिचा पटकन विश्वास बसेना. जन्मभर फोटोत तिचे दात पुढे यायचे, डोळे मिटायचे, हनुवटीखालची कातडी दिसायची. इथे काहीच नव्हतं. 'मार्लिस वांटा. आपल्यातलीच एक.' मार्च संपत आलेला, रस्त्याच्या कडेचं बर्फ काळपट होऊन चिखलात बसत चाललेलं, आणि त्रेसष्ट वर्षांची बाई स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत त्या चिखलात उभी. समोरून पीटरसनांची गाडी गेली तेव्हा तिने कार्ड छातीशी धरलं, शाळकरी मुलीने प्रेमपत्र लपवावं तसं. आणि ते छातीशी धरताना उलटं झालं म्हणून तिला मागची बाजू दिसली.

मागे व्हर्ना होती. व्हर्ना क्लाबुंडे, शाळा मंडळाची अध्यक्ष, मार्लिसची प्रतिस्पर्धी, आणि गेली कित्येक वर्षं चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला तिच्या शेजारी उभी राहून बटाट्याची धिरडी घालणारी मैत्रीण. तिचा फोटो राखाडी होता, तोंड अर्धवट उघडं, कुठल्यातरी बैठकीत काहीतरी बोलता बोलता पकडलेली. असा फोटो मिळायलाही कुणालातरी तासभर शोधावं लागलं असणार. खाली मोठ्या काळ्या अक्षरांत होतं: 'व्हर्ना क्लाबुंडेंना आपल्या शाळा तुमच्या मुलांसाठी पुरेशा चांगल्या वाटतात. स्वतःच्या नातीसाठी मात्र नाही. तिला त्यांनी शेजारगावच्या, क्लियरीच्या शाळेत घातलं.' त्याच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, हे कार्ड 'उद्याची शाळा समिती' हिने काढलं आहे, आणि कुठल्याही उमेदवाराच्या संमतीने किंवा सल्ल्याने काढलेलं नाही, असं लिहून भलत्याच राज्यातल्या कुठल्याशा टपाल पेटीचा पत्ता होता. मार्लिसने ते दोनदा वाचलं. संमतीने नाही. सल्ल्याने नाही. बरोबर होतं. त्या समितीतल्या एकाही माणसाचं तोंड तिने पाहिलेलं नव्हतं, आवाज ऐकलेला नव्हता. घरात येऊन तिने कार्ड कोटाच्या खिशात सारलं, सकाळचे कप विसळले, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. त्या काळ्या अक्षरांतलं शेवटचं वाक्य, नातीचं, तिने स्वतः लिहिलेलं होतं.

फेब्रुवारीत याच ओट्यापाशी, याच टेबलावर, जावई समोर बसला होता. कर्टिस. विम्याचा धंदा करतो, मुलीला सुखात ठेवतो, घरी आला की केकचा डबा आधी उघडतो, त्याच्याबद्दल तक्रार करावी असं काही नाही. पण जिल्ह्याच्या ठिकाणी निवडणुकीच्या एका शिबिराला तो जाऊन आला आणि तेव्हापासून घरात डॉक्टर आल्यासारखा बोलू लागला. मार्लिसची कल्पना अशी की शाळा मंडळाची निवडणूक म्हणजे अंगणात खोचायच्या पाट्या, किराणा दुकानाच्या दारात बिस्किटांची पुडी घेऊन उभं राहणं, आणि जमलं तर स्थानिक वर्तमानपत्रात एक पत्र. व्हर्ना पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिने पुस्तकात घालायच्या खुणेच्या पट्ट्या छापून वाटल्या होत्या, बस्स. त्यातली एक मार्लिसच्या पाककृतींच्या वहीत अजून होती. कर्टिस हसला. "आई, ते दिवस गेले. आता बाहेरून पैसा येतो. चार राज्यं पलीकडची माणसं आपल्या मंडळात कोण बसतंय ते बघतात."

"त्यांना काय करायचंय आमच्या मंडळाशी? आमची शाळा कुठे आहे ते तरी त्यांना ठाऊक आहे का?"

"नकाशात बघतात. त्यांना आपल्यासारखी पन्नास मंडळं हवी असतात, त्यातलं हे एक. आता नीट ऐका. त्यांनी तुमच्याशी बोलायचं नाही, तुम्ही त्यांच्याशी बोलायचं नाही. कायदाच आहे तसा. एक फोन केलात तरी गोत्यात याल."

"मग झालंच की. विषय संपला."

"संपला कुठे? तुमची वेबसाइट आहे ना? ती तर सगळ्या जगाला उघडी." त्याने केकचा दुसरा तुकडा घेतला. "तिथे एक पान ठेवायचं. मोठे, स्वच्छ फोटो टाकायचे, कुणालाही उतरवून घेता येतील असे. आणि खाली लिहायचं, 'मतदारांना हे ठाऊक असायला हवं'. त्याखाली दोन-चार ओळी, तुम्हाला वाटेल ते."

"कोण मतदार येऊन वाचणार आहे ते?"

"मतदार नाही वाचत, आई," कर्टिस म्हणाला. "ज्यांनी वाचायचं ते वाचतात."

तिला कळलं नव्हतं असं नाही. पुढे तिने स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं की कळलं नव्हतं, पण चोवीस वर्षं शाळेची कचेरी सांभाळलेल्या बाईला कुठलं पोर खोकतंय आणि कुठलं खोकल्याचं सोंग करतंय ते दारातूनच कळतं. चांगलंच कळलं होतं. फक्त ते असं सांगण्यात आलं होतं की न कळल्यासारखं वागता यावं. चिठ्ठी कुणाला द्यायची नाही, नुसती खिडकीत ठेवायची आणि खिडकी उघडी टाकायची. कर्टिस गेल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि शाळेबद्दल लिहू लागली. मिल स्ट्रीटबद्दल लिहायचं तर ती रात्रंदिवस लिहू शकली असती. रेडिएटरवर वाळत टाकलेल्या लोकरी हातमोज्यांचा ओला वास, उशिरा येणाऱ्या पोरांच्या थापा, पडलेल्या दातासाठी ठेवलेल्या छोट्या डब्या, कागदाच्या गिरणीची पाळी सुटल्याचा भोंगा झाला की खिडकीकडे वळणारी पन्नास डोकी, की आज न्यायला बाबा येतात का. ती शाळा मंडळाने बंद केली. बैठकीत हात वर झाले तेव्हा मार्लिस मागच्या रांगेत बसली होती, आणि त्या हातांतला एक हात व्हर्नाचा होता, गोल घड्याळ बांधलेला, बटाटे किसून किसून बोटांची पेरं लाल झालेला. दुसऱ्या दिवशी व्हर्ना हॅम घातलेली भाजलेली शेवयांची थाळी घेऊन दारात आली. "बॉयलरला तडा गेलाय, मार्लिस. इंजिनियर म्हणाला, पुढचा हिवाळा काढेल की नाही सांगता येत नाही. तो फुटला असता तर मी कुणाच्या आईला तोंड दाखवलं असतं?" मार्लिस म्हणाली, कळतं गं मला. तिने थाळी घेतली, खाल्ली, धुऊन परत दिली. कळत होतं, हे खरंच होतं. पण नोकरीबरोबर तिचं सकाळी उठण्याचं कारण गेलं होतं, त्याच्या आधल्या वर्षी नवरा गेला होता, आणि या दोन्हीतलं कुणावर तरी रागावता येण्यासारखं एवढं एकच होतं.

मग तिने पानावर आधी लिहिलं, की मिल स्ट्रीट बंद करताना मंडळाने लोकांचं ऐकलं नाही. ते बोथट वाटलं. लिहिलं, की लहान मुलांना आता बसमध्ये तासभर बसावं लागतं. तेही सगळ्यांना ठाऊक होतं. खिडकीबाहेर अंधारून आलं होतं आणि कॉम्प्युटरच्या उजेडात तिचे हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे दिसत होते. तेव्हा त्या हातांनी लिहिलं: 'मंडळाच्या अध्यक्षांनी आपल्या नातीला क्लियरीच्या शाळेत घातलं आहे.' तिने ते पुसलं. मग पुन्हा लिहिलं. नाव घातलं नव्हतं, शिवी घातली नव्हती, एक अक्षर खोटं नव्हतं. खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं, दातात अडकलेलं काहीतरी निघाल्यासारखं. खोटं नाही ना, मग झालं, असं म्हणून तिने बटण दाबलं आणि सूप गरम करायला ठेवलं.

ते वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. उरलेलं अर्धं मार्लिसला ठाऊक होतं आणि गावात दुसऱ्या कुणालाही नव्हतं. टेसा, व्हर्नाची नात, नऊ वर्षांची, तिचे कान हळूहळू जात होते. केसांखाली लपतील अशी यंत्रं बसवली होती, पण डॉक्टर म्हणाले होते की मोठी होईपर्यंत त्यांचाही उपयोग उरणार नाही, आतापासून हातांची भाषा शिकलेली बरी. ती शिकवणारी बाई फक्त क्लियरीच्या शाळेत होती. गावाला वाटे, मुलीची आई तिकडच्या दवाखान्यात कामाला आहे म्हणून मुलगीही तिकडे जाते, आणि व्हर्नाने गावाला तसं वाटू दिलं होतं. मार्लिसला तिने सांगितलं ते मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासांच्या दिवसांत, तळघरात, कांदा किसताना, म्हणजे रडणं कशाचं ते विचारायची कुणाला गरज पडू नये. "मी इथली अध्यक्ष, आणि माझ्याच शाळेत माझ्या नातीसाठी शिक्षिका नाही. दरवर्षी जाहिरात देतो. एवढ्याशा गावात कोण येतंय? आणि तू कुणाला बोलू नकोस हं. पोरीला कीव सहन होत नाही. कुणी मुद्दाम मोठ्याने, सावकाश बोललं की दात विचकते." मार्लिस म्हणाली होती, वेडी आहेस का, मी कुणाला बोलणार? त्या उन्हाळ्यात टेसाने तिला हातांच्या भाषेतलं नावही ठेवलं होतं. मार्लिसच्या कानातल्या लांब डुलांवरून कानाच्या पाळीपाशी दोन बोटं हलवायची, म्हणजे मार्लिस. स्वतःला असं एखादं नाव मिळेल असं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं, आणि घरी येऊन तिने ते आरशापुढे करून पाहिलं होतं.

शुक्रवारी ती तळघरात गेली. जाऊ नये असं वाटत होतं, पण कोबीच्या कोशिंबिरीची जबाबदारी तिची होती आणि न जाणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं. जिना उतरतानाच गरम तेलाचा आणि बिअरमध्ये कालवलेल्या पिठाचा वास आला. लांब टेबलं, कागदाच्या थाळ्या, राय धान्याच्या पावाचे तुकडे, भिंतीपर्यंत पोचलेली रांग. व्हर्ना तव्यापाशी होती, केसांना जाळी, बाह्या वर केलेल्या, नेहमीसारखी. मार्लिस आली तशी ती एवढंच म्हणाली, "गाजर जरा कमी घाल, मागल्या वेळी गोड झालं होतं." मार्लिसने गाजर कमी घातलं. रांगेतल्या प्रत्येकाला ते कार्ड मिळालं होतं, कारण गावातल्या प्रत्येक पेटीत ते पडलं होतं. आधीही कार्डं येत होतीच, फोनवर जाहिराती येत होत्या, दंतवैद्याकडे बसलं की समोरच्या पडद्यावर मार्लिसचं नाव सरकत जाई, आणि त्या जाहिरातींचा तिला आनंद होत होता हेही खरं. कुणीतरी कुठेतरी आपल्यावर पैसे लावतंय. नवऱ्याने तिच्यावर जीव टाकला होता, पण पैसे लावण्यासारखी बाई आहेस असं तिला कुणी कधी भासवलं नव्हतं. मात्र आजवर आलेल्या कार्डांवर दोन्ही बाजूंनी नुसतं तिचंच नाव असे.

"काय मार्लिस!" हार्लन ओरडला. गिरणीतून निवृत्त झालेला, ऐंशीचा, कान जरा मंद म्हणून आवाज चढलेला. "नटी झालीस की गं! परवा नाताळचं कार्ड आलं वाटलं मला. केवढा खर्च केलाय म्हणतेस त्या लोकांनी?"

"मला काय माहीत, हार्लन. मी केलेला नाही."

"एवढ्या पैशात मिल स्ट्रीटचा बॉयलर आला असता, नवा कोरा. वर पोरांना आइस्क्रीम." लोक हसले. हार्लन थाळी पुढे करून व्हर्नाकडे वळला आणि तसाच ओरडून, पण मनात काही वाईट न ठेवता म्हणाला, "आणि तुझ्या नातीचं काय ते? खरं आहे का गं?"

तळघरातले काटे-चमचे जरा हळू वाजू लागले. व्हर्नाने धिरडं उलटलं. "खरं आहे," ती म्हणाली.

"मग गं?"

"मग काही नाही. ती तिकडे जाते. किती देऊ, दोन की तीन?"

रांगेत मागे कुणीतरी पुटपुटलं की क्लियरीची मासळीही चांगली असते म्हणे, आणि आणखी कुणीतरी म्हणालं की घरातली गोष्ट बाहेर जाते ती काय वाऱ्याने जाते, कुणीतरी पुरवल्याशिवाय का. मार्लिसचा हात कोबीत होता. व्हिनेगर नखांत झोंबत होतं. आता बोल, असं तिने स्वतःला सांगितलं. आता बोललीस तर सगळं मोकळं होईल. पण ते वाक्य घशात तयार होईपर्यंत व्हर्नानेच झारा खाली ठेवला होता.

"हे बघा," व्हर्ना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा, बैठकीतल्या आवाजात. "मार्लिसचा यात काही संबंध नाही. त्या लोकांशी बोलायची तिला परवानगीच नाही, कायदाच आहे तो. आणि माझी नात तिकडे का जाते हे या तळघरात एका मार्लिसला ठाऊक आहे. माझी मैत्रीण आहे ती. तिच्या हातून असं काही होईल का?" आणि तिने मार्लिसकडे पाहिलं. सरळ, बराच वेळ, तव्यावरचं जळायला लागलं तरी पाहत राहिली. तो विश्वास आहे असं मार्लिसला वाटलं. तिला दुसरं काही वाटायला जागाच नव्हती. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मला ते कार्ड मान्य नाही. असल्या गोष्टी आपल्या गावात होऊ नयेत." हार्लनने टेबलावर मूठ आपटली, म्हणाला, शाब्बास पोरी. दोन-चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्ना वळली, जळलेलं धिरडं कचऱ्यात टाकलं आणि नवीन घातलं.

कर्टिसला तर आनंदाचं भरतं आलं. कुणीतरी मार्लिसचं ते वाक्य फोनमध्ये टिपलं होतं आणि रात्रीच्या आत ते अर्ध्या गावाने ऐकलं होतं. "आई, हे पैशाने मिळत नाही! कार्डाने जे काम झालं ते झालं, आणि वर तुमचा चांगुलपणा! दोन्हीकडून फायदा."

"ते पान काढून टाक, कर्टिस."

"आत्ता? आत्ता काढलं तर बोभाटा होईल. काय काढलं, केव्हा काढलं, लोक शोधून काढतात. मंगळवारपर्यंत राहू दे. मतदान झालं की कोण बघतंय?"

तिने हट्ट धरला नाही, आणि ते वाईट होतं. कारण ठेवलेल्या फोनवर हात तसाच ठेवून ती बसली असताना तिला सुटल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी नाही म्हणावं म्हणूनच तिने विचारलं होतं की काय, असा तिला संशय आला. शनिवारी नवीन कार्ड आलं, सोमवारी आणखी एक. दोन्हींवर तेच राखाडी तोंड, तेच वाक्य, आता ओळीखाली लाल रेघ. आता मार्लिस फोटो बघत नव्हती. तिला जे दिसायचं ते वेगळंच होतं: क्लियरीच्या शाळेच्या वाटेवरची एक बस, बसमध्ये खिडकीशी एक मुलगी, आणि आजूबाजूची सगळी तोंडं हलतायत, मोठ्याने आणि सावकाश. रस्त्यावरून पिवळी बस गेली की ती खिडकीपासून बाजूला होई. ती टीव्ही लावी, टीव्हीवर तिचंच नाव येई, ती टीव्ही बंद करी. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेदरम्यान शेजाऱ्याशी हात मिळवायचे असतात, तेव्हा दोन रांगा ओलांडून व्हर्ना आली आणि तिने मार्लिसचा हात धरला. तिचा हात गरम आणि खरखरीत होता. व्हर्ना नेहमी लगेच हात सोडते, त्या दिवशी जरा जास्त वेळ धरला. काहीतरी विचारल्यासारखा. मार्लिस म्हणाली, तुला शांती लाभो, कारण तिथे तेच म्हणायचं असतं.

मंगळवारी ती निवडून आली. फार मोठ्या फरकाने नाही, पण शंका घेण्यासारखंही नाही. नगरभवनातल्या फळ्यावर आकडे लिहिले गेले तेव्हा मुलीने तिला मिठी मारली, कर्टिसने फोटो काढले, आणि इतके दिवस आपण जे मागत होतो ते मिळालं म्हणजे नक्की कुठे काय वाटायला हवं हे मार्लिस अंगात शोधत राहिली. व्हर्नाचा फोन आला, तशी रीतच आहे, हरलेल्याने करायचा. "अभिनंदन गं. पहिल्या बैठकीला स्वेटर घालून जा, त्या खोलीतला हीटर नुसता आवाज करतो. आणि हिशेबाचे कागद आले की शेवटचं पान आधी वाच. लबाडी असली तर तिथे असते." मार्लिस हसली. हसताना डोळ्यांत पाणी आलं. फोन ठेवल्यावर तिने ठरवलं की सांगायचं. निवडणूक संपली होती, आता सांगण्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि हाच हिशेब तिने मनात आधीच केला होता हे लक्षात येऊनही तिने तो तसाच ठेवला. पुढचे दिवस तिने वाक्यं जुळवण्यात घालवले. गाडी चालवताना, आंघोळ करताना, ओट्यापाशी. मी लिहिलं होतं ते. रागाच्या भरात लिहिलं. असं होईल असं वाटलं नव्हतं. यातलं शेवटचं वाक्य तिने काढून टाकलं, कारण ते खोटं होतं, आणि ते काढल्यावर आपण किती प्रामाणिक झालो आहोत असं वाटून तिला थोडं हलकंही वाटलं. व्हर्ना चिडेल, रडेल, कदाचित तोंड फिरवेल. पण मग कधीतरी, उन्हाळ्यात वगैरे, दारात थाळी घेऊन येईल. अशा गोष्टी आपल्यात होतात आणि मिटतात, असं मार्लिसने ठरवून टाकलं.

पुढल्या शुक्रवारी ती लोक यायच्या बरीच आधी तळघरात उतरली. तेल अजून तापायचं होतं. व्हर्ना एकटीच टेबलापाशी बसून बटाटे किसत होती, समोर मोठं पातेलं, किसाचं पाणी काढायला फडकं. मार्लिसने कोट काढला नाही. खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली, जुळवलेलं सगळं विसरून, मध्येच अडखळत. कर्टिसने सांगितलं ते, कॉम्प्युटरपुढची ती संध्याकाळ, मिल स्ट्रीट, हात वर झालेले. "ते वाक्य माझं होतं, व्हर्ना. त्यांनी माझ्या पानावरून उचललं. उचलावं म्हणूनच मी ठेवलं होतं."

व्हर्नाचा हात थांबला नाही. बटाटा संपत आला होता, आता बोटं किसणीवर घासतील असं मार्लिसला वाटलं, तेवढ्यात तिने तो तुकडा पातेल्यात टाकला आणि दुसरा बटाटा घेतला. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"तू लिहिलंस त्या आठवड्यापासून. माझ्याविरुद्ध उभी आहेस म्हटल्यावर तुझं पान मी बघणार नाही का गं? खुळी आहेस का?" तिने किसणी झटकली. "रोज सकाळी कॉफी घेताना उघडायचे. म्हटलं, रागात लिहिलंय, आज काढेल. आज नाही तर उद्या काढेल. माणूस रागात काय काय लिहितं. तेव्हा अजून कार्डं निघाली नव्हती."

"मला फोन का नाही केलास?"

"मी का करायचा?"

वर चर्चमध्ये कुणीतरी ऑर्गनवर तेच चार सूर पुन्हा पुन्हा बसवत होतं. "मग त्या दिवशी," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर तू तसं का म्हणालीस? माझी बाजू का घेतलीस?"

"म्हटलं, आता तरी काढेल." व्हर्नाने फडक्यात किस घेतला आणि दोन्ही हातांनी पिळला. करड्या रंगाचं पाणी बादलीत पडलं. "मला वाटलं, एवढ्या लोकांत तुझ्यावर भार टाकला तर तू घरी जाशील आणि काढशील. कुणाला कळलं नसतं. मीही कधी बोलले नसते, देवाशपथ. तू निवडून आली असतीस तरी चाललं असतं मला. हरायची भीती नाही वाटली मला फारशी."

"टेसाने पाहिलं का ते?"

"तिच्या वर्गात एका पोराने आणलं होतं कार्ड. त्याची मावशी आपल्या गावात राहते. आता सगळ्यांना ठाऊक आहे, कानाचंही. कारण विचारल्यावर तिने स्वतःच सांगितलं, दुसरं काय करणार? आता ती यंत्रं घालत नाही. म्हणते, सगळ्यांना कळलंच आहे तर कशाला." व्हर्ना हे सगळं भाव सांगावेत तशा आवाजात सांगत होती. फक्त फडकं पिळून संपलं होतं तरी ती ते पिळत होती.

मार्लिस रडायला लागली. अशा वेळी रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ठरवलेलं काहीच उरलं नव्हतं. "मला माफ कर, व्हर्ना. माझी चूक झाली. मी तिला भेटेन, तिच्यापुढे सगळं कबूल करेन. तू सांगशील ते करेन मी. वर्तमानपत्रात लिहून देईन. सगळ्यांना सांगेन की ते माझं होतं. तू फक्त काय करू ते सांग."

व्हर्नाने फडकं बादलीच्या काठावर टाकलं, हात पुसले आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी तव्यापाशी पाहिलं होतं तसंच, सरळ, बराच वेळ. त्या नजरेला मार्लिसने आठवडाभर विश्वास असं नाव दिलेलं होतं.

"आज सकाळीही उघडलं होतं ते पान मी," व्हर्ना म्हणाली. "अजून आहे."

मार्लिसने तोंड उघडलं. कर्टिसचं नाव तिच्या जिभेवर आलं होतं, ते तिने गिळलं. जिन्यावर पहिल्या माणसांची पावलं वाजली, हार्लनचा आवाज आला, आणि व्हर्ना उठून तव्याखाली जाळ लावायला गेली.